पहिल्या घराची किल्ली

बोरकट्टी, १८ ऑगस्ट १९८५

जये,

पत्र उघडलंस म्हणजे निम्मी लढाई मी जिंकले.

वरळीहून निघाले त्या दिवशी तू एडिटिंग रूमचं दार आतून लावून घेतलंस आणि बाहेरचा लाल दिवा लावलास. काम चालू आहे, आत येऊ नये. रविवारी संध्याकाळी कसलं काम गं? मी दाराशी उभी राहून हाका मारत होते आणि आतून फिल्म उलट फिरवल्याचा आवाज येत होता. शेवटी मी दाराला नमस्कार केला आणि निघाले. लिफ्टमनला वाटलं, आत साहेब असतील.

तर बातमी अशी. (बातम्या वाचायची अकरा वर्षांची सवय आहे, तेवढं चालवून घे.) गेल्या सोमवारी आपल्या बोरकट्टी नगरपालिकेच्या अध्यक्षपदी माझी बिनविरोध निवड झाली. मराठी गट आणि कन्नड गट, दोघांचंही दुसऱ्याच्या कुठल्याच माणसावर जमेना. तेव्हा दोघांनाही आपली वाटेल आणि दोघांच्याही वाटेत येणार नाही अशी मी सापडले. सत्याप्पाअण्णा, म्हणजे ते नारळ घेऊन वरळीला मला न्यायला आले होते ना, तेच, त्यांच्या शब्दाबाहेर इथली नगरपालिका नाही. त्यांनी मला स्वच्छ सांगितलं, "ताई, तुमास्नी काय करायचं न्हाय. निसतं दिसायचं. त्ये तर तुमास्नी येतंयच की." मी हसले. सगळे हसले.

कारभार असा आहे: ठराव अण्णांचा, सही चीफ ऑफिसरची, हार माझा. आणि हो, शेला! संस्थानच्या काळापासून इथल्या अध्यक्षाला लाल जरीचा मानाचा शेला असतो. तो माझ्या खोलीतल्या सागवानी कपाटात राहतो. समारंभ असला की कल्लाप्पा शिपाई कपाट उघडतो, शेला माझ्या खांद्यावर घालतो, आणि परत आलो की देवाचं वस्त्र उतरवावं तसा उतरवून, घडी करून आत ठेवतो. शेल्याशिवाय अध्यक्षानं फीत कापायची नाही, ही इथली रीत. मी आतापर्यंत एक पाणपोई, एक कुस्तीचा आखाडा आणि संकेश्वरच्या रस्त्यावरचा एक पेट्रोल पंप उघडलाय. तू फीत कापायचे शॉट सरळ टोपलीत टाकायचीस. तुझ्या टोपलीत आता माझा संसार आहे म्हण.

तू म्हणाली होतीस, प्रश्न विचारायचे सोडून हार घालून घ्यायला चाललीस. खरं सांगू? मला कुणी काढलं नव्हतं. पण रंगीत टीव्ही आल्यापासून मेकअपच्या आरशात मला माझं वय दिसायला लागलं, आणि दुसऱ्यांनी काय काय केलं ते वाचून दाखवण्याचा कंटाळा आला. वाटलं, आपणही काहीतरी करावं. आणि गंमत बघ, या गावानं मला टीव्हीवर एकदाही पाहिलेलं नाही. इथं मुंबई दिसतच नाही. त्यांना फक्त एवढंच माहीत आहे, की मी दिसत होते.

काल तुझ्या आईकडे गेले होते. पारूबाई बऱ्या आहेत. गुडघे दुखतात, बोलणं तसंच आहे. बाजारामागच्या ओढ्याकाठची तुमची सगळी वस्ती उठणार आहे, तिथं व्यापारी संकुल होणार. पण त्याआधी माळावर पंचवीस पक्की घरं बांधून देतायत. मी शब्द टाकलाय. पहिल्या रांगेतलं पहिलं घर तुझ्या आईचं.

आता तरी दार उघड.

तुझी (अजून तरी),
विनू


बोरकट्टी, ३ ऑक्टोबर १९८५

जये,

तुझं उत्तर नाही. न येवो. आज मी इतकी खूश आहे की तुझ्या अबोल्याचंही मला काही वाटत नाही.

काल गांधी जयंतीला घरांच्या किल्ल्या दिल्या. मंत्री आले होते. मांडव, पताका, शाळेची मुलं, कन्नडमध्ये स्वागत, मराठीत आभार. मी दोन्ही भाषांत बोलले आणि दोन्हींत मिळून काहीच बोलले नाही, त्यामुळे टाळ्या भरपूर पडल्या. पहिलं नाव पुकारलं, पारूबाई कोलकार. त्या निळं लुगडं नेसून आल्या होत्या. पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबल्या, पण कुणाचा हात धरला नाही. मी त्यांच्या हातात किल्ली ठेवली. मोराच्या मुठीची चांगली मोठी पितळी किल्ली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लई जड हाय गं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही.

निपाणीचा परशराम कॅमेरा घेऊन आला होता. तोच, मुंबईला सीमाभागातली फिल्म पाठवतो तो. तेच हातानं चावी द्यायचं मुकं यंत्र, आवाज घेत नाही. डबा रात्रीच्या गाडीनं गेलाय. म्हणजे हे पत्र पोचायच्या आधी तुझी आई तुझ्या टेबलावर पोचलेली असेल. मुद्दाम पहिलं नाव त्यांचं ठेवलं होतं, तू बघशील म्हणून. आता सांग, हार घालून घ्यायला गेले होते का मी?

घरांचं किरकोळ काम राहिलंय, दारं-खिडक्या वगैरे. होईल.

विनू


बोरकट्टी, २१ ऑक्टोबर १९८५

जया,

तुझं कार्ड मिळालं. दोन महिन्यांनी तू मला दोन शब्द लिहिलेस: "कुलूप कुठंय?"

पोस्टमननं ते वाचलेलं होतं. मला म्हणाला, "बाई, काय हरावलंय का?"

तुला काय म्हणायचंय ते मला कळलं. कसं न कळेल? निपाणीचीच आठवण करून दिलीस. तंबाखूची ती वखार, बायकांना आत घालून बाहेरून कुलूप लावतात अशी तक्रार होती. मालक कॅमेऱ्यासमोर किल्ली नाचवत म्हणाला, "ही बघा माझ्या हातात, दार सदा उघडं असतं." मी खूश होऊन फिल्म घेऊन आले. तू टेबलावर एकदा चालवलीस आणि कात्री खाली ठेवलीस. "किल्ली दाखवलीस, कुलूप कुठंय? किल्ली दाखवायची तर ती कुलपात फिरताना दाखव. नाहीतर मी दोन्ही कापीन." शिव्या घालत मी पुन्हा निपाणी गाठली, बाहेरून लागलेलं कुलूप टिपून आणलं, आणि त्या बातमीवर माझं नाव झालं. नाव माझं झालं, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. आता दाखवलंस.

तर ऐक. समारंभातल्या किल्ल्या प्रतीकात्मक असतात. सगळीकडे असतात. घरांना दारंच बसली नाहीत तर कुलपं कुठून आणू? मंत्र्यांची तारीख ठरलेली होती, ती गवंड्यासाठी थांबत नाही. मांडवामागच्या पायरीशी कल्लाप्पा पिशवी घेऊन बसला होता आणि लोक खाली उतरताना किल्ल्या परत टाकत होते. हे मला समारंभ झाल्यावर कळलं. मला आधी माहीत नव्हतं.

सगळ्यांनी टाकल्या, तुझ्या आईनं टाकली नाही. कल्लाप्पानं पिशवी पुढं केली तर म्हणाल्या, "ही माजी हाय. बाईनं नाव घेऊन दिलीया." किल्ली कनवटीला लावली आणि निघून गेल्या. हे त्यांनी तुला कळवलं असणारच. कुणाकडून लिहवून घेतलं?

मी रागावलेले नाही. पण एका कार्डावर दोन शब्द, हे काही वागणं नव्हे. मी तुझ्याशी अशी कधी वागले?

विनोदिनी


बोरकट्टी, १७ नोव्हेंबर १९८५

जये,

तुला हसू येईल असं काहीतरी सांगते. मग दुसरं सांगते.

दसऱ्याला शेला मागितला तर कल्लाप्पा म्हणाला, जरी उसवली, बेळगावला खडेबाजारात दुरुस्तीला दिलाय. दिवाळीला तेच. बालदिनाला तेच. मी सगळीकडं बिनशेल्याची, आणि अण्णा कुजबुजायला लागले की बाईंनी रीत मोडली. परवा बेळगावला गेले होते, म्हटलं आपणच घेऊन येऊ. खडेबाजारात जरीचं काम करणारं एकेक दुकान पालथं घातलं. शेला कुणी पाहिलेलाच नाही. परत येऊन कल्लाप्पाला समोर उभं केलं तर त्यानं माझे पाय धरले.

"बाईसाब, शेला कपाटातच हाय. किल्ली न्हाय."

पारूबाईंना दिलेली मोराच्या मुठीची किल्ली त्या कपाटाची होती. त्या सकाळी कल्लाप्पानं कपाट उघडलं, मला शेला घातला, दार तसंच उघडं ठेवून किल्ली मांडवात नेली. पाच मिनिटांत परत मिळेल या हिशेबानं. संध्याकाळी सवयीनं शेल्याची घडी आत ठेवली आणि दार ढकललं. ते संस्थानी कुलूप ढकललं की आपोआप बसतं. तेव्हापासून तो रोज सकाळी त्या कपाटाला उदबत्ती लावत होता म्हणे. त्याला वाटलं होतं, नोकरी जाणार.

हसलीस? आता दुसरं.

मी त्याला विचारलं, "अरे, गावात एवढ्या किल्ल्या असताना हीच का घेतलीस?" तो म्हणाला, "तुमीच म्हनालासा न्हवं?"

जये, मीच म्हणाले होते. आदल्या संध्याकाळी चीफ ऑफिसर कपाळाला हात लावून बसले होते, दारं नाहीत, कुलपं नाहीत, मंत्र्यांसमोर लोकांना द्यायचं काय? तेव्हा मला सुचलं. मला! मी म्हटलं, "कुठल्याही किल्ल्या आणा. कॅमेऱ्यात किल्ली दिसते, ती कशाची ते दिसत नाही. फक्त पहिली मोठी असू दे, दुरून दिसली पाहिजे. आणि मागच्या पायरीवर गोळा करा." अण्णांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, "बगा, उगं न्हाय मुंबईस्नं आणल्या बाईस्नी!" आणि मला बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या कामाचं कौतुक केलं, असं वाटलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं, मला माहीत नव्हतं. तुला खोटं लिहिताना माझा हात अडखळला नाही. तू समोर असतीस तर माझ्या डोळ्यांची उघडझाप बघून ओळखलं असतंस.

अजून एक आहे, ते लिहिल्याशिवाय पत्र बंद करता येणार नाही. काल चीफ ऑफिसरनी नोटीस काढली. ओढ्याकाठच्या पंचवीसही कुटुंबांना घरं मिळालेली असल्यामुळे त्यांनी झोपड्या खाली कराव्यात, पंधरा डिसेंबरला सकाळी वस्ती पाडली जाईल. मी तरातरा त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, घरं कुठं आहेत? माळावर भिंती आहेत, त्याही चार नाहीत, छप्पर नाही. तुम्ही त्या माणसांना थंडीत कुठं घालवणार?

ते काही वाईट गृहस्थ नाहीत. उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली आणि हळूच म्हणाले, "मॅडम, किल्ल्या तर आपणच दिल्या."

विनू


बोरकट्टी, २९ नोव्हेंबर १९८५

जये,

तू उत्तर देत नाहीस आणि मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आठ डिसेंबरला मंत्री पुन्हा येतायत, संकुलाची कोनशिला बसवायला. अण्णांचा निरोप आला, "शेला पाहिजेच. कपाट फोडायचं न्हाय, संस्थानचं हाय, लोक नावं ठेवतील. म्हातारीकडनं किल्ली घेऊन या. तुमची वळखीची हाय न्हवं?" मी बिनविरोध अध्यक्ष, मी उठले आणि गेले.

तुझ्या आई दारात तांदूळ निवडत होत्या. मला बघून पाट सरकवला.

"किल्ली मागायला आलीस व्हय?"

"व्हय मावशी," मी म्हटलं. जये, शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हा मी तुझ्या आईला पारूबाई म्हणायचे. आमच्या घरात तर नुसतं पारू म्हणत. मावशी म्हणायला लागले ते मुंबईला गेल्यावर, तुझ्या खोलीवर जेवायला लागल्यावर. आणि वर्तमानपत्रातली दूरदर्शनची जाहिरात कापून मला पाठवली होतीस तूच. तूच मला बोलावून घेतलंस. हे सगळं त्या पाटावर बसताना एकदम आठवलं आणि वाटलं, पाट कुणी काढून घेतला तर बरं.

"न्हाय देत," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, भाजी नको म्हणावं तसं. "म्या हात पसरून आलते का? तू हाक मारलीस, लोकांम्होरं दिलीस. मग माघारी का द्यायची? कुलूप दाव, लावून बगती. लागली तर माजी, न्हाय लागली तर तुजी."

म्हणजे हा नियम तुझा नव्हेच. आईकडून आणलास.

"मावशी, ती घराची नाहीये. ऑफिसातली आहे."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मग मला घराची म्हणून का दिलीस? तुला ठावं व्हतं?"

मी म्हटलं, "न्हाय."

तोंडावर. त्यांच्या डोळ्यांत बघून. तुला पत्रात कबूल केल्यावर बारा दिवसांनी मी तुझ्या आईला तेच खोटं पुन्हा सांगितलं.

आणि त्या काय म्हणाल्या माहीत आहे? माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मग तुजी बी फसवणूक केली म्हनायची भाड्यांनी. जाऊ दे. रडू नगं. थांब, चा टाकती." गुळाचा चहा केला. कप माझ्याकडे दिला, स्वतः पेल्यात घेतला. मी तो चहा प्याले, जया. सगळा प्याले. त्या माझी समजूत घालत होत्या, की मुंबईहून आलेल्या साध्या पोरीला इथले लोक कसे नाचवतात, आणि मी मान हलवत होते.

निघताना म्हणाल्या, "पंध्रा तारखेचं काय करू मग? सामान बांदू का नगं?"

मी म्हटलं, बघते.

बातम्या वाचताना मी इतक्या मंत्र्यांचं "बघतो" वाचून दाखवलंय, पण ते तोंडात कसं लागतं ते मला आज कळलं.

विनोदिनी


बोरकट्टी, ८ डिसेंबर १९८५, संध्याकाळ

जया,

या पत्राबरोबर फिल्मचा डबा आहे. परशराम स्वतः घेऊन येतोय, गाडीवर विश्वास ठेवला नाही. तो बाहेर बाकावर बसलाय. मी लिहिते तोवर त्यानं दोन वेळा घड्याळ पाहिलं, पण तू आधी हे वाच, मग डबा उघड.

आज सकाळी मी पुन्हा तुझ्या आईकडे गेले. पाटावर बसले नाही. उभ्या उभ्या म्हटलं, "मावशी, मला ठाऊक होतं. कुठल्याही किल्ल्या आणा, असं मीच सांगितलं. मोठी किल्ली तुमच्यासाठी मीच मागितली. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, मला वाटतं त्या मला त्या वेळी पहिल्यांदा नीट बघत होत्या. मग म्हणाल्या, "आनि चा प्यालीस."

"प्याले."

"लाज न्हाय वाटली?"

"वाटली. तरी प्याले."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही म्हणाला होता, कुलूप दाखव. दाखवते. चला माझ्याबरोबर." त्यांनी पदर सारखा केला, चपला घातल्या.

नगरपालिकेत गर्दी होती. मंत्री विश्रामगृहावर पोचले होते, सगळे नगरसेवक माझ्या खोलीत जमले होते, शेला घालून वाजतगाजत निघायचं म्हणून. परशरामही कॅमेरा घेऊन होता. तुझ्या आईला माझ्याबरोबर बघून अण्णांचा चेहरा उजळला. "आनली? आनली किल्ली? श्याब्बास ताई!"

मी परशरामला बाजूला घेतलं. म्हटलं, आज कोनशिला नंतर. आधी हे घे. ह्यांच्या हातातली किल्ली जवळून. मग किल्ली कुलपात जाताना. मग कपाट उघडताना, आतलं दिसेपर्यंत. न थांबता. त्यानं विचारलं, "मॅडम, आवाज नाही हं याला. तुम्ही काही बोलणार असाल तर..." मी म्हटलं, मी बोलणार नाही. अकरा वर्षं बोललेच की.

मग मी खोलीतल्या सगळ्यांसमोर म्हटलं, "मावशी, दोन ऑक्टोबरला मी तुम्हाला घराची म्हणून जी किल्ली दिली, ती ह्या कपाटाची आहे. लावून बघा."

तुझ्या आईनं कनवटीची किल्ली काढली. कुलूप जुनं, आधी फिरेना. कल्लाप्पा मदतीला पुढं झाला तर म्हणाल्या, "तू सर." दोन्ही हातांनी फिरवली. खट्ट झालं. दार उघडलं आणि आत तो लाल शेला, नीट घडी घातलेला, एकटाच. एवढं मोठं कपाट, आणि आत तेवढंच.

त्यांनी वाकून आत पाहिलं. खालचा कप्पा पाहिला, वरचा पाहिला. मग मागं वळून म्हणाल्या, "ह्ये माजं घर व्हय?"

कन्नड गट गप्प, मराठी गट गप्प. माझ्या निवडीनंतर बोरकट्टीत पहिल्यांदाच एकमत झालं.

अण्णा भानावर आले आणि कल्लाप्पावर ओरडले, "शेला काढ की रं!" कल्लाप्पा हलला नाही. तुझ्या आईनं दार ढकललं, ते आपोआप बसलं. किल्ली परत कनवटीला. "घराला दारं बसली की येऊन उगडीन," म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या. कुणाचा हात धरला नाही.

मंत्र्यांच्या कोनशिलेला मी गेले नाही. बिनशेल्याच्या अध्यक्षानं जायचं नाही, ही रीत आहे ना, ती आज मी पाळली. अण्णा म्हणाले, उद्या अविश्वासाचा ठराव आणतो. म्हटलं, आणा, राजीनामा टेबलावर ठेवलाय, ठरावाची तसदी नको. चीफ ऑफिसर मात्र दारापर्यंत आले आणि माझ्याशी हलक्या आवाजात बोलले. वरून कुणी विचारलं तर त्यांना नोटीस थांबवता येईल, आपणहून नाही. इथं मुंबई दिसत नाही खरी, पण मुंबईत दाखवलेलं दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या पेपरात येतं आणि तिसऱ्या दिवशी बंगळूरहून फोन येतो. आज आठ आहे. पंधराला वस्ती पाडतील. बाकीचं तुझ्या टेबलावर.

ऑक्टोबरची ती फिल्म तू फेकली नसशील. दोन सेकंदांचा असला तरी तुझ्या आईचा शॉट तू फेकणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते. त्यात मी किल्ली देते. आजच्यात तीच किल्ली फिरते. मोराची मूठ दोन्हीकडं स्वच्छ दिसते. एकाला एक जोड. बातमी कुणीही वाचली किंवा कुणीच वाचली नाही, तरी कळेल.

एक मागायचंय. परशराम किल्ली, कुलूप, कपाट सगळं घेऊन थांबला होता. मी त्याला म्हटलं, आता माझ्याकडं वळव. तो म्हणाला, कशाला मॅडम? म्हटलं, घे. शॉट लांब आहे. तुझी आई जिन्याकडं जाते, माझ्यासमोरून, आणि माझ्याकडं बघत नाही. मी मध्येच खाली बघते, मग पुन्हा वर. चांगला नाही आलेला. घाम आहे, केस विस्कटलेत.

आजवर मी अडखळले, नाव चुकले, घाबरले, सगळं तू कापलंस. लोकांना वाटायचं, विनोदिनीबाई कधी चुकत नाहीत. ते तुझं काम होतं. ते नाव घेऊनच मी इथं आले आणि त्याच नावावर तुझ्या आईच्या हातात ती किल्ली ठेवली.

त्या दिवशी तू दार लावून घेतलंस तेव्हा आत माझ्या जुन्या बातम्यांमधून माझ्या निरोपाची फिल्म जोडत होतीस, हे परशरामनं मला आज सांगितलं. मी तर समजत होते, तू रुसून बसलीस.

तू विचारलं होतंस, कुलूप कुठंय. या डब्यात आहे. त्याच्यामागोमाग माझा चेहरा आहे. त्याला कात्री लावू नकोस.

विनोदिनी